स्टेपनी की पंक्चर किट? आधी डिकीचा तळ उचलून बघा

नवी गाडी घेतली की लोक बॉनेट उघडून बघतात, काचा चारदा वरखाली करतात. डिकीचा तळ मात्र कुणी उचलून बघत नाही. मीही बघितला नव्हता. पहिल्यांदा उचलला तो आठ महिन्यांनी, रात्री, भर पावसात, मागचं उजवं चाक पार बसलेलं असताना. हात चाक शोधत होता आणि लागला फोमच्या खाचेत बसवलेला वीतभर पंप, शेजारी पांढऱ्या द्रवाची बाटली. दुसरं काही नव्हतंच, म्हणून तीच लावली. पंप घरघरत राहिला, काटा जागचा हलेना, आणि मोबाइलच्या उजेडात टायरच्या बाजूने दुधासारखा ओघळ डांबरावर उतरताना दिसला. टायर कडेने फाटला होता. फाटलेला टायर सांधणं हे त्या बाटलीचं कामच नव्हतं. उरलेली रात्र मदतीची गाडी यायची वाट बघण्यात गेली.

तेव्हापासून कुणी विचारलं की ‘स्टेपनी चांगली की किट?’, तर मी आधी दोन प्रश्न विचारतो. तुझा टायर जाईल तो कसा जाईल? आणि तेव्हा रस्त्याच्या कडेला कोण उभं असेल? ही दोन उत्तरं हातात आली की बाकीचं आपोआप सुटतं. गाडी नवी असो की वापरलेली, खालच्या क्रमाने जा.

पायरी 1: तुमच्याकडे नक्की काय आहे ते बघा

डिकीतलं सामान काढा, गालिचा आणि त्याखालची फळी उचला. तिथे पुढीलपैकी एक काहीतरी सापडेल.

पूर्ण मापाची स्टेपनी, म्हणजे बाकीच्या चार चाकांसारखंच पाचवं चाक. ते रिमसकट साधारण 15 ते 20 किलोचं असतं. बसवलं की प्रवास पूर्वीसारखा चालू.

बारीक स्टेपनी, म्हणजे अंगाने अरुंद, सायकलच्या नातेवाइकासारखं दिसणारं चाक. त्याच्या बाजूवर मापाच्या आधी ‘टी’ हे अक्षर असतं, उदाहरणार्थ टी 125/70 डी 15. हा टी तात्पुरतेपणाचा. रिमवर बहुतेक वेळा ताशी 80 किलोमीटरच्या मर्यादेचं स्टिकरही चिकटवलेलं असतं.

किट, म्हणजे 12 व्होल्टवर चालणारा पंप आणि सीलंटची, म्हणजे टायरमध्ये जाऊन भोक बुजवणाऱ्या द्रवाची बाटली.

आणि कधी कधी काहीच नाही. तसं असेल तर टायर रनफ्लॅट आहेत का बघा. त्यांच्या बाजू इतक्या ताठ असतात की हवा गेल्यावरही गाडीचं वजन पेलतात. सर्वसाधारण हिशेब ताशी 80 च्या आत आणि 80 किलोमीटरपर्यंत असा असतो. काही मोठ्या गाड्यांत स्टेपनी डिकीत नसून गाडीच्या पोटाखाली साखळीला किंवा केबलला टांगलेली असते, तिथेही वाकून बघा.

चाक सापडलं म्हणून लगेच फळी खाली टाकू नका. जॅक, पाना, जॅकचा दांडा आणि टोइंगचा हूक जागेवर आहेत का? वापरलेल्या गाड्यांत स्टेपनी असते आणि जॅक गायब असतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही.

जाता जाता, ‘स्टेपनी’ हा शब्द आपल्याला घरचाच वाटतो, पण तो मुळात एका रस्त्याचं नाव आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. 1904 मध्ये वेल्समधल्या लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी हवा भरलेल्या टायरची, आरे नसलेली एक रिम बनवली. पंक्चर झालेलं चाक न काढता ती त्यावरच क्लॅम्पने आवळायची. त्यांचा धंदा होता स्टेपनी स्ट्रीटवर. ती रिम कधीच इतिहासजमा झाली, नाव मात्र आपल्या डिकीत राहिलं.

पायरी 2: टायर कुठे जातो ते समजून घ्या

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून इथे जरा थांबू.

टायरचा जो पट्टा रस्त्याला टेकतो, ज्यावर नक्षी असते, त्याच्या आत पोलादी तारांचे थर असतात. खिळा किंवा स्क्रू इथे घुसला तर भोक लहान राहतं, आजूबाजूचं रबर ते धरून ठेवतं आणि हवा हळूहळू जाते. सीलंट चालतं ते फक्त या प्रकारात. त्यातही भोक साधारण 4 ते 6 मिलिमीटरपर्यंतच हवं, म्हणजे शिसपेन्सिलीच्या जाडीपेक्षा थोडं कमी.

टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, हे वेगळंच प्रकरण आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती दबते आणि फुलते. तिथे चीर पडली तर सीलंट टिकत नाही, भोकात रबरी वात खुपसून काढलेलं पंक्चर टिकत नाही, आणि कुठलाही शहाणा टायरवाला तिला हात लावत नाही. टायर बदलायचा, बस.

साइडवॉल फाटते कशी? बहुतेकदा खड्ड्याने. खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यात टायर चिमटला जातो, आतले धागे तुटतात. कधी जागच्या जागी हवा जाते, कधी दोन दिवसांनी बाजूला फुगा येतो. सोबत रिम वाकली तर रिम आणि टायरच्या सांध्यातूनही हवा निसटते. त्यावरही बाटलीचा इलाज नाही.

आता तुमच्या टायरवरचा आकडा वाचा. समजा 205/55 आर 16 असं लिहिलंय. 205 म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी आणि 55 म्हणजे त्या रुंदीच्या 55 टक्के उंचीची बाजू, साधारण 113 मिलिमीटर. 225/40 असेल तर बाजू 90 मिलिमीटरची. मधला आकडा जितका लहान, तितकी खड्डा आणि रिम यांच्यातली गादी पातळ. दिसायला देखणं, पण खड्ड्यात सोसणं कमी. मधला आकडा 50 च्या खाली असेल आणि रस्ते खराब असतील, तर नुसत्या किटवर विसंबू नका.

तिसराही एक प्रकार आहे. हळू गळती झाली, लक्षात आलं नाही, आणि मऊ टायरवर दोनतीन किलोमीटर गाडी हाकली. वरून भोक खिळ्याएवढंच दिसतं, पण आत रिमने साइडवॉल दळून काढलेली असते. असा टायर उतरवला की आतून काळी रबराची भुकटी पडते. किट लावून काटा कदाचित वर जाईलही, पण तो टायर भरवशाचा राहिलेला नसतो. म्हणून स्टीयरिंग एका बाजूला ओढायला लागलं किंवा टायरच्या हवेचा दिवा लागला, की ‘पुढच्या वळणावर बघू’ म्हणू नका. सुरक्षित जागा दिसताच थांबा.

पायरी 3: कडेला उभं कोण असेल?

गाडी घरात चार जण चालवत असतील, तर सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाचा विचार करा. चाक काढून बसवायला 15–20 किलो उचलावं लागतं. ते जमलं तरी खरी अडचण नटांची असते. ते मशीनने इतके आवळलेले असतात की डिकीतल्या आखूड पान्याला दाद देत नाहीत. पाठदुखी असलेल्याला, गरोदर बाईला किंवा सत्तरीतल्या काकांना ‘स्टेपनी आहे ना’ हा दिलासा पोकळ आहे. किटला यातलं काही लागत नाही, व्हॉल्व्हपर्यंत वाकता आलं की झालं.

दुसरी गोष्ट अंतराची. तुमचा बहुतेक प्रवास असा आहे का, की टायरचं काम करणारा पाचदहा किलोमीटरवर असतोच? मग किट पुरतं. लांबचे, रात्रीचे, फोनला रेंज नसलेले रस्ते असतील तर चाक हवं.

आणि भरधाव रस्त्यावर, वाहतुकीच्या बाजूचं चाक गेलेलं असेल, तर दोन्ही विसरा. माणसं उतरवून कठड्यापलीकडे उभी करा आणि मदत बोलवा. तिथे चाकापाशी पाठ करून बसण्यात शहाणपण नाही.

पायरी 4: बारीक स्टेपनीच्या खाचाखोचा

पूर्ण मापाच्या स्टेपनीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बारीक स्टेपनी मात्र ऐन वेळी चकवते.

तिच्यात हवा साधारण 60 पीएसआय लागते, म्हणजे नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट. हवा भरणाऱ्याने सवयीने 33 भरली तर ती निम्मी रिकामीच. आकडा तिच्या बाजूवर लिहिलेला असतो, तो दाखवून भरून घ्या.

ती लावल्यावर ब्रेक थोडे लांब लागतात आणि वळणावर गाडी वेगळी वागते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचंच चाक गेलं, तर शक्य असेल तेव्हा मागचं धड चाक पुढे घ्या आणि बारीक चाक मागे लावा. काम दुप्पट होतं, पण ओढणं, वळणं आणि बरंचसं ब्रेकिंग पुढच्या चाकांवर असतं. शिवाय दोन पुढच्या चाकांचा घेर वेगळा असला तर डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना, सतत घासत राहतं. चारही चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुस्तिकेतला इशारा आधी वाचा.

आणखी एक गंमत, जी शोरूममध्ये कुणी सांगत नाही. बारीक स्टेपनीच्या खळग्यात काढलेलं मोठं चाक बसत नाही. डिकी सामानाने भरलेली असेल तर ते चिखलाचं चाक मागच्या सीटवर कुणाच्या तरी शेजारी बसून येतं. एक जुनी चादर आणि जाड पिशवी डिकीत ठेवा.

पायरी 5: किट कसं वापरायचं

‘पंक्चर किट’ या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू खपतात. एक सीलंट आणि पंपाचं. दुसरं आरी, सुई आणि चिकट रबरी वातींचं. त्यात खिळा उपटून भोक आरीने साफ करायचं आणि वात आत खुपसून वरचा शेंडा कापायचा. हे दुसरं स्वस्तात सुटणारं आणि बरंच टिकाऊ काम आहे, पण आरी घुसवायला मनगटात जोर लागतो, आणि टायर आतून तपासला जात नाही. ट्यूब असलेल्या टायरला वात चालत नाही, आणि गाडीच्या किटमधलं सीलंटही सहसा त्यासाठी नसतं.

सीलंटचा क्रम असा. तुमच्या पुस्तिकेत आकडे थोडे वेगळे असतील तर तेच धरा.

1. खिळा उपटू नका. भोक बुजवायला तोही मदतच करत असतो.

2. बाटलीवरची मुदत बघा, बाटली नीट हलवा. तिच्यावरचं वेगमर्यादेचं स्टिकर डॅशबोर्डवर नजरेसमोर चिकटवा.

3. बाटली पंपाला जोडा आणि तिची नळी व्हॉल्व्हला. काही किटमध्ये आधी व्हॉल्व्हची सुई काढून बाटली पिळावी लागते, मग सुई परत लावून हवा भरायची. ती सुई मातीत पडली तर सापडत नाही, तळहातावर रुमाल ठेवून काढा.

4. जागा मोकळी असेल तर इंजिन चालू ठेवा, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. मग पंप सुरू करा. सुरुवातीला काटा एकदम खूप वर जातो, घाबरू नका. सीलंट व्हॉल्व्हच्या बारीक वाटेने जात असताना तो दाब दिसतो. अर्ध्या मिनिटात काटा खाली येतो आणि तिथून खरा आकडा सुरू होतो.

5. दहा मिनिटांपेक्षा जास्त सलग चालवू नका, पंप तापून बंद पडतो. तोवर 1.8 बार, म्हणजे साधारण 26 पीएसआय झाले नाहीत, तर नळी काढा, गाडी दहाएक मीटर पुढे-मागे घ्या म्हणजे द्रव आत पसरेल, आणि पुन्हा एकदा भरा. तरीही नाहीच, तर थांबा. भोक किटच्या आवाक्याबाहेरचं आहे.

6. दाब आला तर चहा प्यायला थांबू नका, लगेच निघा. ताशी 80 च्या आत चारपाच किलोमीटर गाडी चालवा. फिरण्यानेच सीलंट भोकापर्यंत पोचतं. मग थांबून दाब मोजा. 1.3 बारच्या खाली गेला असेल तर पुढे जाऊ नका. वर असेल तर हवा नेहमीच्या आकड्याला आणून थेट टायरवाल्याकडे जा.

तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला: ‘आत सीलंट आहे.’ एका टायरवाल्याला मी हे सांगायला विसरलो. त्याने टायरची कड रिमपासून सोडवली आणि पांढरा चिकटा भुर्रकन त्याच्या शर्टावर. त्याने मला जे ऐकवलं ते योग्यच होतं. सीलंट धुऊन काढावं लागतं, आतल्या हवेच्या सेन्सरवर ते साचलं तर सेन्सर बिघडू शकतो, आणि काही ठिकाणी असा टायर दुरुस्त करायला सरळ नकार मिळतो. म्हणजे दहा मिनिटांच्या सोयीपायी कधी कधी चांगला टायरही हातचा जातो. बाटली एकदाच वापरायची असते, रिकामी झाली की नवी आणायची. हे विसरणारे लोक खूप.

पायरी 6: घरी, उजेडात एकदा करून बघा

एका सुट्टीच्या सकाळी सपाट जमिनीवर एक चाक काढा आणि तेच परत बसवा. एकदाच, पण करा.

हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पार्किंगमध्ये ठेवा. जे चाक काढणार त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावा. मग, जॅक लावण्याआधी, नट अर्धा अर्धा फेरा सैल करा. नवखा माणूस हमखास इथे चुकतो. गाडी आधी उचलतो, आणि पाना फिरवायला गेला की नटाऐवजी चाकच फिरतं. नट हलत नसेल तर पाना आडवा लावून त्याच्यावर पायाने वजन द्या, उड्या मारू नका. पान्यात बसेल असा फूटभर लोखंडी पाइप डिकीत असला तर निम्मं काम झालं.

दाराखालच्या पट्टीला चाकांजवळ जॅकसाठी खाचा असतात, जॅक तिथेच. भलतीकडे लावला तर पत्रा आत जातो. गाडी उचलल्यावर स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवून ठेवा. जॅक निसटलाच तर गाडी जमिनीवर न आदळता तिच्यावर टेकेल. स्वतःचा हात-पाय मात्र खाली घालायचा नाही. नवं चाक चढवताना जुनं त्या जागी सरकवा.

नट आधी हाताने, आटे तिरके चढू न देता फिरवा. मग गाडी खाली घेऊन पान्याने आवळा, ओळीने नव्हे, समोरासमोर. एक वरचा, मग त्याच्या समोरचा. 50 ते 100 किलोमीटर गेल्यावर सगळे नट पुन्हा तपासा, थोडे सैल होतात.

काम करताना एखादा नट वेगळ्या डोक्याचा निघाला तर तो लॉकनट, म्हणजे खास चावीनेच सुटणारा नट. त्याची चावी नसेल तर स्टेपनी असूनही उपयोग शून्य.

पायरी 7: आता ठरवा

डिकीत चाकाचा खळगा आहे पण कंपनीने किट दिलंय? स्टेपनी घ्या, बारीक का असेना. फक्त ‘पंधरा इंचाची रिम’ एवढ्यावर आणू नका. नटांची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर, मधलं भोक, टायरचा बाहेरचा घेर हे सगळं जुळायला हवं, आणि रिम ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे ब्रेक पॅड धरणाऱ्या भागाला, घासता कामा नये. ती एकदा प्रत्यक्ष चढवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तुमची चाकं अलॉयची आणि स्टेपनी लोखंडी असेल तर नटही वेगळे लागतात का ते विचारा. जॅक आणि पाना वेगळे घ्यावे लागतील.

खळगाच नाही, खाली विजेच्या गाडीची बॅटरी आहे किंवा डिकीत गॅसची टाकी आहे? रोजचा प्रवास शहरातल्या शहरात असेल तर किटवर भागवा आणि मदतसेवेचा नंबर फोनमध्ये ठेवा. लांब जाताना तेवढ्यापुरती स्टेपनी डिकीत घेता येते, पण पट्ट्याने हुकांना घट्ट बांधून. जोरात ब्रेक लागला की सुटं चाक मागच्या सीटवर येतं.

स्टेपनी आहे पण घरात कुणाला ती बदलता येणार नाही? मग सोबत पंप ठेवा. खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंच्या लोकांना मी पहिली वस्तू हीच घ्यायला लावतो: चांगला, काटा बरोबर दाखवणारा 12 व्होल्टचा पंप. रस्त्यावरची बरीचशी पंक्चरं हळू गळणारी असतात. खिळा तसाच ठेवून हवा भरायची आणि टायरवाल्यापर्यंत जायचं. ना जॅक, ना सीलंटचा चिकटा, आणि टायर दुरुस्तीलायक राहतो. बाटली त्यानंतरचा उपाय.

मग दोन्ही सांभाळा. स्टेपनीची हवा महिन्या-दोन महिन्यांनी बघा, पडून राहिलेल्या टायरचीही हवा कमी होते. तिच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. एकदाही रस्ता न बघितलेला असला तरी दहा वर्षांनंतर तो बदलायचा. बाटलीची मुदत बहुधा चारेक वर्षांची असते, तापणाऱ्या डिकीत ती आधीही घट्ट होऊ शकते. पोटाखालची स्टेपनी वर्षातून एकदा खाली उतरवून बघा, चिखलाने केबल गंजली की ऐन वेळी ती सुटत नाही.

आणि लॉकनटची ती चावी. टायरवाल्याकडे काम झाल्यावर ती त्याच्या पान्यातच अडकून राहते आणि आपण निघून जातो. आमच्या गाडीत ती ग्लोव्ह बॉक्समध्ये, पुस्तिकेच्या पाकिटात असते. टायरवाल्याकडून निघताना मी पाकीट चाचपतो आणि मगच गाडी सुरू करतो.